शस्त्रक्रियेपूर्वीची वजनघट : परीक्षा की पूर्वकर्म?

गेल्या काही वर्षांत आपल्या चिकित्सालयांत एका वेगळ्या प्रकारचा स्थूल रुग्ण येऊ लागला आहे. केवळ ‘वजन उतरवून द्या’ एवढेच त्याचे मागणे नसते. बॅरिएट्रिक शस्त्रक्रिया, म्हणजे जठराचा आकार लहान करण्याची अथवा अन्नमार्ग वळविण्याची शस्त्रक्रिया, करून घ्यावयाची असे त्याने ठरविलेले असते; शल्यचिकित्सकाची भेटही झालेली असते. तेथून तो आपल्याकडे येतो तो एक अट घेऊन : ‘आधी चार-पाच किलो वजन कमी करा, मग शस्त्रक्रियेचे पाहू.’ ज्यासाठी शस्त्रक्रिया करावयाची तेच तिच्याआधी करून दाखवावयाचे, हे ऐकून रुग्ण गोंधळतो आणि आपल्यापैकी पुष्कळजण मनातल्या मनात हसतात. काहीजण ही आयतीच संधी समजून रुग्णास सांगतात, ‘वजन उतरणारच असेल, तर पोटाला शस्त्र लावून घेताच कशाला?’

प्रस्तुत लेखकही हसणाऱ्यांपैकीच एक होता. ते हसू कसे मावळले हे प्रथम सांगतो. त्यात दोष माझा आहे आणि तो अनेकांचा असण्याचा संभव आहे.

एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत शिकविणाऱ्या एक बाई माझ्याकडे सुमारे दोन वर्षे चिकित्सा घेत होत्या. वय ४७, उंची १५२ सेंटिमीटर, आठ वर्षांचा मधुमेह. पथ्याहार, उद्वर्तन, मेदोहर गुग्गुळ आणि मधून लेखन बस्तीचे दोन क्रम असे उपचार झाले. वजन काही महिने उतरे आणि लग्नसराई, उन्हाळ्याची सुट्टी, गुडघेदुखी अशा कोणत्या ना कोणत्या निमित्ताने पुन्हा चढे. अखेर मुलीच्या आग्रहावरून त्या एका शल्यचिकित्सकाकडे गेल्या. त्या वेळी वजन ८३ किलो, म्हणजे बीएमआय ३५.९ आणि एचबीए१सी ९.४ होते. शस्त्रक्रियेस आपण पात्र आहात, परंतु त्याआधी शरीरभाराच्या पाच टक्के, म्हणजे सुमारे चार किलो उतरवा, असे त्यांना सांगण्यात आले. त्याच सुमारास विमा कंपनीने विचारणा केली : शस्त्रक्रियेवाचून वजन कमी करण्याचे उपाय पूर्वी केले होते काय? त्यांस अपयश आले काय? लेखी पुरावा द्यावा.

बाई म्हणाल्या, ‘वैद्यसाहेब, दोन वर्षे तुमच्याकडेच तर येते आहे. तेवढे लिहून द्या.’ मी केसपेपर काढला. निदान होते, औषधांची नावे होती, ‘पथ्य सांगितले’, ‘बरे वाटते’ असे शेरे होते. अठरा भेटींत वजनाची नोंद मात्र एकदाच, पहिल्या दिवसाची. उंची नाही, कटीचा घेर नाही, कोणता उपाय किती आठवडे केला आणि का थांबविला याचा पत्ता नाही. एका स्नेह्याने सुचविले, ‘अंदाजाने मागची वजने भरून टाका, कोण विचारणार आहे?’ तसे करणे खोटेपणाचे झाले असते, म्हणून ते केले नाही. जे होते तेवढ्याच आधारावर प्रमाणपत्र दिले आणि ते अपुरे म्हणून परत आले. बाईंनी शिक्षकांच्या पतसंस्थेचे कर्ज काढून शस्त्रक्रिया करून घेतली. दोन वर्षे त्यांनी घाम गाळला, पथ्य पाळले, बस्ती घेतले; कागदावर त्याचे मोल शून्य ठरले. त्या कर्जाच्या प्रत्येक हप्त्यात मी न लिहिलेल्या आकड्यांचा वाटा आहे, हे मला विसरता येत नाही.

या प्रसंगानंतर मी विषयाच्या खोलात गेलो. तेव्हा ध्यानात आले की ‘आधी वजन उतरवा’ या एकाच वाक्यात दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी दडलेल्या आहेत. एक आहे परीक्षा आणि दुसरी आहे पूर्वकर्म. या दोहोंची गल्लत रुग्ण करतो, विमा कंपनी करते आणि आपणही करतो.

प्रथम परीक्षेचा विचार करू. अमेरिकेतील अनेक विमा कंपन्यांनी वर्षानुवर्षे अशी अट घातली की शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाने तीन ते सहा महिने, क्वचित वर्षभर, वैद्यकीय देखरेखीखाली वजन घटविण्याचा कार्यक्रम पूर्ण करावा. यामागील धारणा अशी की जो आधी वजन उतरवून दाखवील तोच पुढे पथ्य पाळील. धारणा वरवर रास्त वाटते. परंतु तेथील बॅरिएट्रिक शल्यचिकित्सकांच्या संघटनेने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या अधिकृत भूमिकेत या सक्तीला शास्त्रीय आधार नसल्याचे स्पष्ट शब्दांत नमूद केले. अशा सक्तीमुळे शस्त्रक्रियेचे फळ अधिक चांगले मिळते असे दिसत नाही. विलंब मात्र होतो, रुग्ण मध्येच गळतात आणि मधुमेह, रक्तदाब यांसारखे सहविकार त्या काळात वाढत राहतात.

परीक्षेत अनुत्तीर्ण होणारा रुग्ण आळशी अथवा जिभेचा लंपट असतो, हा समजही तपासून पाहण्याजोगा आहे. ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पन्नास स्थूल व्यक्तींना दहा आठवडे अत्यल्प उष्मांकाचा आहार देण्यात आला. वजन उतरले, परंतु भूक वाढविणारे स्राव वाढले, तृप्ती देणारे घटले आणि एक वर्षानंतरही ते पूर्ववत झाले नव्हते. शरीर जणू हरवलेले वजन परत मागत राहते.

आपल्या शास्त्राला हे नवीन नाही. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात अतिस्थूलाचे आठ दोष सांगितले, त्यांत अतिक्षुधा आणि अतितृष्णा यांची गणना केली आहे. मेदाने मार्ग अवरुद्ध झाल्यामुळे वायू कोष्ठात विशेषत्वाने संचार करतो, अग्नीला प्रदीप्त करतो. आहार शीघ्र पचतो आणि रुग्ण पुन्हा अन्नाची आकांक्षा करतो, अशी ती संप्राप्ती आहे. प्रारंभ अतिसेवनाने झाला असेल. परंतु एकदा चक्र सुरू झाले की ते स्वतःच स्वतःला फिरविते. म्हणूनच नुसते उपाशी ठेवणे हा चरकांचा उपाय नाही. गुरू परंतु अपतर्पण करणारे द्रव्य द्यावे, हे त्यांचे सूत्र भूक आणि मेद या दोहोंचा एकाच वेळी विचार करते. स्थूल आणि कृश यांपैकी स्थूलाची चिकित्सा अधिक अवघड, हा अभिप्रायही त्यांचाच. आणि वाग्भटाचार्यांनी तर याबाबत त्याहून कठोर भाषा वापरली आहे. जे कृच्छ्रसाध्य असल्याचे आचार्य स्वतः सांगतात, त्यात रुग्णाला यश आले नाही म्हणून त्याला अपात्र अथवा अपराधी ठरविणे आयुर्वेदाला धरून नाही.

आता दुसरी बाजू, पूर्वकर्माची. शल्यचिकित्सक शस्त्रक्रियेच्या आधीचे दोन आठवडे सुमारे ८०० उष्मांकांचा, प्रथिनप्रधान, बहुधा द्रव आहार घेण्यास सांगतात. येथे काट्यावर किती किलो उतरले हा मुख्य प्रश्न नसतो. प्रश्न यकृताचा असतो. स्थूल व्यक्तीचे यकृत मेदाने भरलेले, मोठे आणि ठिसूळ असते. त्याचा डावा खंड जठराच्या वरच्या भागावर आच्छादलेला असतो. दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया करताना तो उचलून धरावा लागतो. मोठा असेल तर दिसत नाही, ताणला तर रक्तस्राव होतो. अल्पाहाराने यकृतातील ग्लायकोजेन आणि त्यासोबतचे पाणी, पाठोपाठ मेद, त्वरेने कमी होतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात असा आहार बारा आठवडे दिला असता यकृताच्या आकारात जी घट झाली, तिच्यापैकी सुमारे ८० टक्के पहिल्या दोन आठवड्यांतच झाली होती. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात २९८ रुग्णांचे दोन गट केले. ज्यांनी आधी चौदा दिवस असा आहार घेतला त्यांच्यावरील शस्त्रक्रिया शल्यचिकित्सकांना सुकर वाटली आणि पुढील तीस दिवसांतील उपद्रव एका गटात १८, तर आहार घेतलेल्या गटात ८ नोंदले गेले.

हे वाचताना सुश्रुताचार्यांचे स्मरण व्हावे. सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात त्यांनी पूर्वकर्म, प्रधानकर्म आणि पश्चात्कर्म असे कर्माचे त्रिविध स्वरूप सांगितले. आणि मूढगर्भ, उदर, अर्श, अश्मरी, भगंदर व मुखरोग यांत रुग्णाने भोजन केलेले नसताना शस्त्रकर्म करावे असाही निर्देश केला. शस्त्रापूर्वी आहाराने शरीर सिद्ध करणे ही आपलीच परंपरा आहे. तेव्हा दोन आठवड्यांच्या या लंघनास हसण्याचे कारण नाही. त्याची मुदत ठरलेली आहे, हेतू ठरलेला आहे आणि तो रुग्णाच्या प्राणरक्षणाचा आहे. परीक्षेला मात्र मुदत असते, हेतू नसतो.

आपल्या देशात या दोहोंच्या मध्ये एक तिसरा गुंता आहे. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने २०१९ साली आरोग्यविम्यातील वगळणुकींची जी प्रमाणित शब्दरचना निश्चित केली, तिच्यानुसार स्थूलतेवरील शस्त्रक्रियेचा खर्च मिळण्यासाठी रुग्ण किमान १८ वर्षांचा असावा आणि त्याचा बीएमआय ४० अथवा अधिक असावा. किंवा तो ३५ अथवा अधिक असून सोबत हृदयविकार, तीव्र निद्राश्वसनरोध अथवा अनियंत्रित मधुमेह यांसारखा गंभीर सहविकार असावा व वजन घटविण्याच्या सौम्य उपायांना अपयश आलेले असावे, अशी अट आहे. आता वर उल्लेखिलेल्या बाईंचा हिशेब करा. वजन ८३ किलो असताना बीएमआय ३५.९. शल्यचिकित्सकाच्या सांगण्याप्रमाणे चार किलो उतरविले की वजन ७९ आणि बीएमआय ३४.२. अटीचा शब्दशः अर्थ घेतला तर आज्ञाधारकपणे पथ्य पाळणारा रुग्णच पात्रतेतून बाहेर पडतो! ही भीती काल्पनिक नाही. ‘वजन उतरवू नका, नाहीतर क्लेम जाईल’ असा सल्ला घरचे लोक रुग्णास देतात आणि तो बिचारा यकृतासाठी आवश्यक असलेला आहारही टाळतो.

येथे हेही नमूद करावे लागेल की ३५ आणि ४० या रेषा १९९१ साली अमेरिकेत ठरल्या. भारतीयांत कमी बीएमआय असतानाही मधुमेह व उदरमेद आढळतात, म्हणून २००९ च्या भारतीय तज्ज्ञांच्या सहमतीपत्रात शस्त्रक्रियेसाठी सहविकार असता ३२.५ आणि नसता ३७.५ अशा मर्यादा सुचविल्या गेल्या. २०२२ साली दोन आंतरराष्ट्रीय संघटनांनी आपले मार्गदर्शन बदलले. सहविकार नसले तरी ३५, आणि आशियाई व्यक्तींत २७.५ पासून शस्त्रक्रियेचा विचार व्हावा असे म्हटले. शास्त्र तीस वर्षे पुढे गेले, विम्याची भाषा मात्र मागेच राहिली. ही भाषा बदलावी यासाठी शल्यचिकित्सकांच्या जोडीने आपल्या संघटनेनेही निवेदन द्यावे, असे मी सुचवितो.

भाषा बदलेपर्यंत आपल्या हाती काय आहे? ‘सौम्य उपायांना अपयश’ या शब्दांत आपले स्थान आहे. महाराष्ट्रातील असंख्य स्थूल रुग्ण शल्यचिकित्सकाकडे जाण्यापूर्वी वर्षानुवर्षे आपल्याकडे आलेले असतात. तो इतिहास केवळ आपल्या केसपेपरात असू शकतो. तेथे नसेल तर तो कोठेच नसतो.

यावर काही ज्येष्ठ वैद्यांनी मला विचारले, ‘आपल्याच शास्त्राचे अपयश आपणच लिहून द्यायचे काय?’ प्रश्न जिव्हारी लागणारा आहे, पण त्याचे उत्तर कठीण नाही. साध्यासाध्यता सांगणे हे वैद्याचे पहिले कर्तव्य आहे. अमुक रुग्णात, अमुक उपायांनी, अमुक काळात इतकेच वजन उतरले, ही नोंद शास्त्राची अप्रतिष्ठा करीत नाही. उलट असे हजारो केसपेपर एकत्र आले तर कोणत्या प्रकृतीत, कोणत्या अवस्थेत आपली चिकित्सा खरोखर उपयोगी पडते, हे प्रथमच आकड्यांनी सांगता येईल. ज्याला शस्त्रक्रियेची गरज नाही तो कोण, हेही त्यातूनच कळेल.

म्हणून काही सूचना करतो. प्रत्येक स्थूल रुग्णाच्या पहिल्या भेटीत दिनांकासह उंची, वजन, कटीचा घेर व रक्तदाब नोंदवावा. मधुमेह असल्यास एचबीए१सीचा अहवाल जोडावा. पुढील प्रत्येक भेटीत त्याच काट्यावर वजन घ्यावे. उपाय कोणता, किती आठवडे आणि कोणत्या कारणाने थांबला, हे एका ओळीत लिहावे. शस्त्रक्रियेचा विचार निघताच, पूर्वकर्माचा आहार सुरू होण्यापूर्वीच्या वजनाचे दिनांकित पत्र रुग्णास द्यावे व शल्यचिकित्सकासही तसे लिहिण्याची विनंती करावी; पुढील घट पूर्वतयारीची आहे हे कागदावर स्पष्ट राहील.

दोन आठवड्यांच्या आहारकाळात आपले काम साहाय्याचे असावे, स्पर्धेचे नसावे. आहाराची योजना शल्यचिकित्सक व त्यांच्या आहारतज्ज्ञाची. तीत परस्पर बदल करू नये. आपल्याकडे ‘उपवास’ म्हटले की साबुदाणा, वरी, बटाटा आणि शेंगदाणे आठवतात. एकादशी आणि दुप्पट खाशी हा अनुभव घरोघरीचा आहे. नुसत्या फळांच्या रसावर अथवा शहाळ्याच्या पाण्यावर राहिले तर प्रथिने मिळत नाहीत आणि मधुमेहींत साखर चढते. मधोदक ग्रंथोक्त असले तरी त्यातील मधाची साखर मधुमेहीच्या हिशेबात धरावी लागते. या पंधरवड्यात वमन, विरेचन अथवा स्नेहपान आरंभू नये. क्षारांचे संतुलन बिघडलेला रुग्ण भूलतज्ज्ञासमोर जाता कामा नये.

सर्वांत मोठे भय मधुमेहाच्या औषधांचे आहे. आहार एकदम घटविला आणि इन्सुलिन अथवा सल्फोनिलयुरिया वर्गातील गोळ्या पूर्वीच्याच मात्रेत चालू राहिल्या, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. डॅपाग्लिफ्लोझिनसारखी औषधे लंघनात चालू राहिली, तर रक्तशर्करा फारशी वाढलेली नसतानाही कीटोआम्लता उद्भवू शकते; म्हणून या वर्गातील बहुतेक औषधे शस्त्रक्रियेपूर्वी किमान तीन दिवस बंद करण्याची सूचना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली दिली. हे बदल मधुमेहतज्ज्ञाने करावयाचे. परंतु रुग्णाच्या पिशवीतील सर्व गोळ्या पाहून त्याला वेळेवर तिकडे पाठविणे आपल्याला सहज शक्य आहे. आपली औषधेही याला अपवाद नाहीत. वनौषधी शस्त्रक्रियेपूर्वी दोन आठवडे थांबवाव्यात, असा अमेरिकन भूलतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे. लसूण, गुग्गुळ यांसारख्या द्रव्यांचा रक्तस्रावाशी अथवा अन्य औषधांच्या चयापचयाशी संबंध येऊ शकतो. रुग्ण आपली औषधे डॉक्टरांपासून लपवितो, कारण तो आपल्या वतीने लाजतो. औषधांची यादी व बंद केल्याचा दिनांक आपणच आपल्या लेटरहेडवर लिहून दिला, तर ही लाज उरणार नाही.

औषधी व्यावसायिक मित्रांना विशेष विनंती आहे. शस्त्रक्रियेची तारीख हाती असलेला रुग्ण आपल्या काउंटरवर येऊन ‘पंधरा दिवसांत वजन उतरेल असे काहीतरी द्या’ म्हणतो, तेव्हा तो घाबरलेला असतो आणि घाबरलेला गिऱ्हाईक काहीही विकत घेतो. सिब्युट्रामिन हे भूक मारणारे औषध हृदयावरील दुष्परिणामांमुळे भारतात २०११ साली बंद झाले. परंतु ‘हर्बल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वजन घटविण्याच्या कॅप्सूलमध्ये तेच मिसळल्याचे त्यानंतरही अनेक देशांच्या औषध प्रशासनांनी वारंवार उघड केले आहे. असे उत्पादन भुलीखाली जाणाऱ्या रुग्णाच्या पोटात जाणे किती घातक, हे सुज्ञांस सांगणे न लगे. स्थूलता बरी करण्याची जाहिरात करणे १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याने निषिद्ध आहे, याचेही स्मरण असावे. वजन उतरविणारी साप्ताहिक इंजेक्शने २०२५ पासून भारतीय बाजारात अधिक प्रमाणात आली आहेत. त्यांनी जठर रिकामे होण्यास विलंब लागतो, म्हणून ती घेणाऱ्याने भूलतज्ज्ञास आधी सांगणे आवश्यक आहे. एवढे एक वाक्य आपण रुग्णास सांगितलेत तरी पुष्कळ झाले.

शस्त्रक्रिया ही स्थूलतेवरची पहिली चिकित्सा नव्हे, असे माझे आजही मत आहे. परंतु ज्याला ती आवश्यक आहे त्याच्या वाटेत आपण अडथळा होऊ नये. आणि जो आपल्याकडे दोन वर्षे आला त्याची ती दोन वर्षे कोणी नाकारू नये, एवढी तजवीज आपण करावी. माझ्या चिकित्सालयात आता नाडीपरीक्षेच्या आसनाशेजारी वजनकाटा आणि भिंतीवर उंचीची पट्टी आहे. बाई आजही येतात. त्यांचे वजन मी प्रत्येक वेळी लिहितो आणि कागदाची एक प्रत त्यांच्या हाती देतो. आपणही, ज्यांनी आजवर असे केले नसेल त्यांनी, उद्याच्या पहिल्या रुग्णापासून आरंभ करावा, एवढीच विनंती.